आजोबांची बंदूक घासू नका

आमच्या टोकावडे भागात, नात्यातल्या एका घरात परवान्याची जुनी ठासणीची बंदूक आहे. भातात डुकरं शिरायची तेव्हा आजोबा ती घेऊन रात्र रात्र माळ्यावर बसायचे. परवा भाचा म्हणाला, "मामू, दस्ता तडकलाय, नळी काळी पडलीय. नवा दस्ता बसवतो, नळी घासून निकेल चढवतो. बैठकीत शोभेल."

मी साफ नाही म्हटलं. घरातले बहुतेक त्याच्या बाजूने होते. वस्तू आपली, पैसा आपला, मग सरांची हरकत कशाला? म्हणून इथे लिहितोय.

बंदुकीत केलेला बदल काय सांगून जातो ते पाहा. 1857 च्या आधी आलेल्या एनफिल्ड रायफलच्या नळीत आतून पिळाच्या खाचा होत्या. त्यामुळे गोळी लांबवर नेमकी जायची. उठाव मोडल्यावर इंग्रजांनी देशी शिपायांसाठी त्या खाचा काढून आतून गुळगुळीत केलेल्या बंदुका तयार करवल्या. शिपाई हवा होता, त्याचा नेम नको होता. पुढे .303 रायफलींचंही तेच झालं. पोलीस आणि पहारेकऱ्यांसाठी त्या .410 च्या, एकावेळी एकच बार उडवणाऱ्या बंदुका करण्यात आल्या. राज्यकर्त्याचा आपल्यावर किती भरवसा होता, हे त्या गुळगुळीत नळीत आजही दिसतं. कुणी हौसेने त्यात पुन्हा खाचा पाडल्या, तर तो पुरावाच गेला.

भाचा म्हणाला, "म्हणजे इंग्रजांनी बदललं तर इतिहास, मी बदललं तर गुन्हा?" प्रश्न रास्त आहे. त्यांचा बदल कामातल्या हत्याराचा होता, हेतू वाईट असला तरी खरा होता. आजोबांनी तडकलेल्या दस्त्याला तांब्याची तार गुंडाळली, तीही गरजेपोटी. तू करणार तो बदल देखाव्यासाठी, आणि त्यात आधीच्या सगळ्यांच्या खुणा जाणार.

विजापूरची मलिक-ए-मैदान तोफ आठवा. 1549 मध्ये अहमदनगरात मुहम्मद बिन हसन रूमी याने ती ओतली. 1686 मध्ये विजापूर जिंकल्यावर औरंगजेबाने तिच्यावर आपला लेख कोरवला. तरी कारागिराचं नाव आजही वाचता येतं. जिंकणाऱ्याने जे खरवडलं नाही, ते आपण पॉलिशपेपरने खरवडायचं?

काही जण दुसऱ्या टोकाला जातात. "मुसलमानाच्या घरात बंदूक? उगाच संशय. तोडून भंगारात घाल." ही भीती मला समजते. पण भीतीपोटी हातोडा उचलू नका. परवाना वारसाच्या नावावर करून घ्या. 1959 च्या शस्त्र कायद्याप्रमाणे विनापरवाना नळी आखूड करणं गुन्हा आहे. बंदूक ठेवणं जमणार नसेल तर रीतसर पोलीस ठाण्यात जमा करा, पावती घ्या.

ठेवणार असाल तर एवढंच करा: ती भरलेली नाही याची जाणकाराकडून खात्री, कोरडं फडकं, हलका तेलाचा हात, कुलूपबंद जागा. आणि आजोबांची हकिकत वहीत लिहून परवान्याच्या कागदांशेजारी ठेवा. ही बंदूक अमानत आहे. अमानतीत रंगरंगोटी करायचा हक्क आपल्याला नाही.

भाच्याने अजून होकार दिलेला नाही. तार मात्र काढलेली नाही.