आजीला विचारले काय?



रिसोड तालुक्यातील एका घरून आम्हांस बोलावणे आले. तीन भाऊ पुण्याकडे कंपनीत, बहीण जवळच सासरी. आई पंच्याहत्तरीची, लकव्याने डावी बाजू गेलेली. "वृद्धाश्रम पाहून द्या, पैसे आम्ही भरतो," असे भावांचे म्हणणे.

आम्ही दोन-तीन ठिकाणी चौकशी केली. सगळीकडे पहिला प्रश्न एकच : संडास-आंघोळ स्वतः करतात काय? पुष्कळ वृद्धाश्रम हिंडत्याफिरत्या माणसालाच घेतात. म्हणजे खरी गरज पडते तेव्हाच दार बंद! म्हणून वाचकहो, आश्रम पाहताना फरशी पाहू नका. रात्री जागे कोण असते, कूस कोण बदलते, पुढे माणूस अंथरुणाला खिळला तर ठेवतात की परत धाडतात, हे विचारा. जेवणाच्या वेळी न कळवता जा.

घरी येऊन हे सांगत होतो, तर आजी म्हणाली, "तिथं मले बाबासाहेबाचा फोटो लावू देतीन काय?" भाऊ खाली पाहू लागले. तोवर तिला कोणी काही विचारलेच नव्हते. आम्हीसुद्धा नाही.

मग तीच म्हणाली, "मले पोरीकडं ठेवा." थोरला म्हणाला, लेकीच्या घरी आई? लोक काय म्हणतील! आम्ही सांगितले, कल्याणच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८७ सालीच निकाल दिला, की लग्न झालेल्या मुलीवरही आईबापांची जबाबदारी आहे. जबाबदारी आहे तर मानही असावा. जावईही तयार होते. पण लेक मजुरीला जाते, फुकट सेवा तिच्या गळ्यात मारायची नाही. भावांनी दरमहा ठरावीक रक्कम द्यायची, त्यातून शेजारची एक बाई दिवसा बसेल, असे कागदावर लिहिले. श्रावणबाळ योजनेचे पैसे आजीच्याच खात्यात राहतील.

घर आजीच्या नावावर आहे. मधल्याने बक्षीसपत्राची गोष्ट काढली. आम्ही नको म्हणालो. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने सांभाळ न केल्यास असे बक्षीसपत्र रद्द होऊ शकते, पण सांभाळण्याची अट कागदात नसेल तर फार भांडावे लागते. पोटगीसाठीही याच कायद्याखाली उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

आजी फोटो घेऊन लेकीकडे गेली. मधल्याची या महिन्याची रक्कम अजून आलेली नाही. रविवारी त्याला आम्ही फोन करणार आहोत.