डॉल्फिन पाहायला जाताना

भाताची मळणी उरकली, मजुरांचे पैसे चुकते झाले, की शेतकऱ्याच्या घरी चार दिवसांची सवड होते. यंदा मुलाबाळांना समुद्र दाखवायचा बेत असेल, तर रत्नागिरी जिल्ह्यातला दापोली तालुका गाठा. मुरुड, कर्दे, हर्णै इथून होडीत बसून डॉल्फिन पाहता येतात. रेल्वेने खेड, तिथून एस.टी.ने दापोली, आणि पुढे दहा-बारा किलोमीटरवर मुरुड. हे महर्षी कर्व्यांचे मुरुड. जंजिऱ्याचे मुरुड रायगड जिल्ह्यात आहे, घोटाळा करू नका.

दिवाळी ते होळी हा काळ चांगला. पावसाळ्यात दर्या खवळलेला असतो, तेव्हा जाऊच नये. होडी सकाळी लवकर धरा. सकाळी मतलई वारा असतो, पाणी संथ राहते. दुपारी खारा वारा सुटला की लाटा वाढतात. डॉल्फिनची पाठ दिसत नाही आणि पोरांना मळमळते ती वेगळीच. भाडे आधी ठरवा. लाइफ जॅकेट घातल्याशिवाय लहानथोर कोणीही होडीत पाय ठेवू नये.

चित्रातल्यासारख्या उंच उड्यांची आशा धरू नका. आपल्या किनाऱ्याजवळचा डॉल्फिन करड्या रंगाचा, पाठीवर उंचवटा असलेला. क्षणभर वर येतो आणि बुडी मारतो. तो मासा नव्हे. गाईम्हशींप्रमाणे तो पिल्लाला दूध पाजतो आणि श्वासासाठी त्याला वर यावेच लागते. वेताला पिल्लू एकच, आणि दोन वेतांत काही वर्षांचे अंतर. व्यायलेल्या गाईमागे कुत्रे लागले तर ती वासराला पाजील का? चार होड्या मागे लागल्या की डॉल्फिनचे तसेच होते. नावाडी पाठलाग करतो तो बहुधा आपण "अजून जवळ घ्या" म्हणतो म्हणून. तेव्हा निघतानाच सांगा, "तांडेल, घाई नाही. लांब थांबून दाखवा."

देवमासा दिसेल का, असे मुले विचारतीलच. तो आपल्या समुद्रात आहे, पण सहसा खोल पाण्यात. हमखास दाखवतो म्हणणाऱ्याला जादा पैसे देऊ नका. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याच्या वाळूत देवमाशाचे पिल्लू अडकले होते. लोकांनी अंगावर पाणी ओतले, खोल समुद्रात ओढून नेले. तरी ते परत किनाऱ्याला लागले आणि मेले. असे जनावर दिसले तर गर्दी हटवा, अंगावर ओले कापड घाला, पण डोक्यावरचे श्वासाचे भोक मोकळे ठेवा, आणि वनखात्याला किंवा पोलिसांना ताबडतोब कळवा. देवमाशाची 'उलटी' कोणी विकत देऊ केली तर दूर राहा. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे.

परतताना दापोलीचे कृषी विद्यापीठ पाहा, आंबा-नारळाच्या रोपांची चौकशी करा. म्हणजे मुलांची सहल होईल आणि शेताचेही काम होईल.