झाकण उघडू नये

रविवारच्या सकाळी सहाच्या मिस्सेला मागील बाकांवर ज्या आठ-दहा स्त्रिया एकेकट्या बसलेल्या दिसतात, त्यांच्या घरी त्या दिवशी काय शिजावयाचे आहे, हे सांगण्यास आम्हांस ज्योतिष पाहावे लागत नाही. ज्या घरी मांसाचा बेत असतो, त्या घरची गृहिणी पहाटेच येऊन जाते व सात वाजता चुलीपुढे हजर होते. तिचे यजमान, मुलेबाळे आणि सासूसासरे कडक इस्त्रीचे कपडे घालून साडेआठच्या मिस्सेला येतात आणि एका बाकावर शेजारी शेजारी बसतात. त्या बाकावर एक माणूस नेहमी कमी असते. इतकी वर्षे आम्ही हे पाहत आलो. आणि खरे सांगावयाचे तर त्याविषयी कधी बोललो नाही. कारण त्यांपैकी पुष्कळ घरी आम्ही स्वतः जेवलो आहोत.

अशाच एका घरी दोन वर्षांपूर्वी कुवेतहून एक भांडे आले. थोरली मुलगी तेथे परिचारिका आहे. सुटीवर येताना तिने आईसाठी 'स्लो कुकर' आणला. आतून-बाहेरून झिलई दिलेले जाड मातीचे लंबगोल पातेले, ते बसविण्यास धातूची बैठक, बैठकीच्या भिंतीत विजेची तार आणि वर काचेचे झाकण, एवढाच त्याचा संसार. शिटी नाही, वाफेचा फुत्कार नाही. 'लो'वर ठेविले असता आतील रस तासन्‌तास उकळीच्या अलीकडेच घुटमळत राहतो. तळाच्या पट्टीवर २१० वॅट असा आकडा आम्ही वाचला. म्हणजे आठ तासांना पावणेदोन युनिटेही वीज लागावयाची नाही. सासऱ्यांनी मात्र पहिल्याच दिवशी त्याचे 'आळशी भांडे' असे नामकरण करून टाकले.

पहिला प्रयोग फसला. त्या माउलीने दीड किलो मांस आत ठेविले, सवयीप्रमाणे तांब्याभर पाणी ओतले आणि दर अर्ध्या तासाने झाकण काढून, टोचून टोचून पाहिले. चार तासांनी वाढावयास घेतले तो मांस दातांस दाद देईना. सासऱ्यांनी ताट बाजूस सारले, यजमान काही बोलले नाहीत (ते बोलले असते तर बरे, असे आम्हांस वाटते), आणि भांडे माळ्यावर गेले. पुढे भेट झाली तेव्हा त्या म्हणाल्या, "फादर, माझंच काहीतरी चुकलं असेल."

चुकले होते खरे, पण ते कोणाचेही चुकले असते. मांसात दोन गोष्टी असतात: एक तंतू, आणि दुसरे त्या तंतूंना बांधून ठेवणारे कोलॅजेन नावाचे चिवट द्रव्य. उष्णता साठ अंशांपुढे गेली की तंतू आकसतात व आपला रस पिळून बाहेर टाकतात. कोलॅजेन मात्र सत्तर अंशांच्या आसपास कोठे विरघळू लागते, आणि त्याचे मऊ जिलेटिन होण्यास कित्येक तास जावे लागतात. पहिली क्रिया लवकर होते, दुसरी फार उशिरा. आणि या दोहोंच्या मधल्या काळात मांस कधी नव्हे इतके कठीण असते. आमच्या सुगरणी नेमके याच वेळी झाकण उघडतात, निराश होतात व आच वाढवितात. शिवाय काचेचे ते झाकण एकदा उघडले की साठलेली वाफ निघून जाते व गेलेली उष्णता भरून येण्यास वीस-पंचवीस मिनिटे लागतात. दर अर्ध्या तासाने पाहणाऱ्याचे मांस कधी शिजावे?

आमच्या भागात तर हा प्रश्न अधिकच बिकट. कर्नाटकात २०२१ साली जो कायदा लागू झाला, त्याने गाईबैलांबरोबर तेरा वर्षांखालील म्हशी-रेड्यांचीही कत्तल बंद केली. तेरा पावसाळे पाहिलेल्या म्हशीचा खांदा तासाभरात लोण्यासारखा व्हावा, ही अपेक्षाच अन्यायाची आहे. वय वाढते तसे कोलॅजेन घट्ट होत जाते. त्यास मंद आचच हवी. 'मंदाग्नी' असा शब्द आम्ही लिहिणार होतो, परंतु वैद्यबुवा त्याचा भलताच अर्थ घेतील.

हे भांडे जन्मले अमेरिकेत, पण त्याची कुळकथा जुनी आहे. शिकागोचे इर्व्हिंग नॅक्सन या संशोधकाने १९३६ साली त्याच्या हक्कासाठी अर्ज केला व १९४० साली त्यास तो मिळाला. कल्पना सुचली ती आईच्या एका आठवणीवरून. ती लहानपणी लिथुआनियातील व्हिल्ना नगरात राहत असे. यहुदी घराण्यांत शब्बाथ शुक्रवारच्या सूर्यास्तास सुरू होतो, आणि त्या दिवशी घरात अग्नी पेटवावयाचा नाही, असा निर्गमाच्या पुस्तकातील नियम आहे. म्हणून शुक्रवारी मांस, कडधान्य व बटाटे भरलेले मडके घेऊन मुले भटारखान्यात जात. भट्टी विझलेली असे, पण तिच्या भिंतींत ऊब रात्रभर टिके. आणि दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर ते 'चोलेंट' घरोघर ऊन ऊन वाढले जाई. नियम अग्नीविषयीचा होता. त्याचा लाभ मात्र अग्नीपुढे बसणारीस होत असे. नाझरेथच्या घरीही शब्बाथला चूल पेटत नसावयाची, हे आपण सहसा ध्यानात घेत नाही. पुढे १९७० साली नॅक्सन यांचा व्यवसाय रायव्हल या कंपनीने विकत घेतला व पुढील वर्षी 'क्रॉक-पॉट' या नावाने हे भांडे बाजारात आणिले. नोकरीस जाणाऱ्या स्त्रियांनी ते उचलून धरले.

आता कृती. आपल्याकडील आसाद ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ती परकी वाटावयाची नाही. खाटकाकडून खांद्याचा किंवा पोटरीचा दीड किलोचा अखंड तुकडा घ्यावा. तुकडे करून देऊ लागल्यास त्याचा हात धरावा. पाठीचे महाग, कोवळे मांस येथे कामाचे नाही. त्यात विरघळावयास काहीच नसल्यामुळे ते कोरडे पडते. आदल्या रात्री मीठ, आले-लसणाची गोळी, बारा-पंधरा मिरी, चार लवंगा, दालचिनीचा तुकडा व दोन चमचे माडीचे व्हिनेगर चोळून मुरत ठेवावे. पहाटे सुती दोऱ्याने बांधून, कढईत थोड्या तेलावर सर्व बाजूंनी खमंग तांबूस करून घ्यावे. या कामी आळस करू नये. चवीचा अर्धा वाटा येथेच आहे. पातेल्याच्या तळाशी कांदे, बटाटे व गाजरे मोठ्या फोडी करून पसरावीत, कारण अशा आचेवर कंदमुळे मांसाहूनही उशिरा शिजतात. वर मांस ठेवावे. पाणी एक कप, अधिक नाही. या भांड्यातून काही आटत नाही. मग झाकण लावावे, 'लो'वर नऊ तास ठेवावे आणि स्वयंपाकघरातून बाहेर पडावे. काटा फिरविताच मांस सुटले म्हणजे झाले. रस निराळा काढून गॅसवर आटवावा व काप तंतूंना आडवे करावेत.

दोन-तीन गोष्टींस जपावे. बर्फात गोठलेले मांस थेट घालू नये. राजमा तर कच्चा या भांड्यात कधीच टाकू नये. त्यातील विष मंद आचेने जात नाही. तो रात्रभर भिजवून, पाणी टाकून, अर्धा तास खळखळून उकळावा व मगच घालावा. घरी असताना वीज दीर्घकाळ गेली, तर सर्व दुसऱ्या पातेल्यात काढून गॅसवर शिजवावे. मातीचे पातेले जाळावर तडकते. घरी कोणी नसताना वीज किती वेळ नव्हती हे कळण्यास मार्ग नसेल, तर जिवावर आले तरी ते अन्न टाकावे. आणि अमेरिकेहून कोणी भांडे आणीत असल्यास त्यास आधीच कळवावे की तिकडील १२० व्होल्टचे यंत्र आपल्या विजेवर जळून जाते. ज्यांच्याकडे भांडे नाही त्यांनी खंत करू नये. ज्यांच्या घरी अजून चूल आहे, त्यांना वैल म्हणजे काय हे आम्ही सांगावयास नको. जाड बुडाचे पातेले, कणकेने बंद केलेले झाकण आणि वैलाची धग, एवढ्यावर आमच्या आजीने जन्मभर निभावले.

हे सर्व आम्ही त्या माउलीस सांगितले तेव्हा त्यांनी भांडे माळ्यावरून उतरविले. गावच्या फेस्ताच्या दिवशी पहाटे चार वाजता ते लागले आणि साडेआठच्या मिस्सेला त्या घरच्या सर्व मंडळींबरोबर बाकावर येऊन बसल्या. आमचे प्रवचन मध्यावर आले असता पंखे थांबले. सगळ्यांनी वर पाहिले. त्यांनी दाराकडे पाहिले. त्या उठणार, असे आम्हांस वाटले. परंतु शेजारी बसलेल्या सासऱ्यांनी त्यांच्याकडे न पाहताच हाताने 'बस' अशी खूण केली. वीस मिनिटांनी वीज आली. जाड मातीच्या पातेल्यास वीस मिनिटे म्हणजे काहीच नव्हेत.

दुपारी एक वाजता आम्ही त्यांच्या पंक्तीस होतो. सासऱ्यांच्या तोंडात दात थोडे. गेली कित्येक वर्षे त्यांना खिमाच करून द्यावा लागे. त्यांनी दोन काप घेतले, मग तिसरा मागून घेतला, आणि 'आळशी भांडे' हे नाव मागे घेतले नाही. सूनबाई सर्वांबरोबर जेवावयास बसल्या होत्या. भांडे घासावयाचे काम मात्र त्यांच्याच वाट्यास आले, आणि त्याविषयी त्यांच्या यजमानांशी आमचे बोलणे झाले आहे.