तिसाव्या दिवसानंतरचा रुग्ण

तंजावूरच्या राजवाड्यातील सरस्वती महाल ग्रंथालयात सरफोजीराजे भोसले (दुसरे) यांच्या काळातल्या नेत्ररुग्णांच्या नोंदी आजही जपून ठेवल्या आहेत. १८२०च्या दशकातल्या या कागदांवर रुग्ण कोण, डोळ्याची अवस्था काय, कोणते उपचार केले आणि त्यांचा गुण किती आला, हे इंग्रजीत लिहिलेले आहे. सोबत डोळ्यांची चित्रेही आहेत. शस्त्र राजांनी स्वतः हाती धरले की जाणत्यांकडून उपचार करवून घेतले, यावर अभ्यासकांत एकमत नाही. पण त्या वैद्यकाचा सर्वांत मोलाचा भाग उपचारानंतरची नोंद हा आहे, आणि पोटातील महाधमनीच्या ॲन्युरिझमवर स्टेंट ग्राफ्ट बसवणाऱ्या आपल्या पिढीने तोच धडा घ्यायला हवा.

७ सप्टेंबर १९९० रोजी ब्युनोस आयर्समध्ये हुआन पारोदी यांनी मांडीतल्या धमनीतून ग्राफ्ट नेऊन पोटातला ॲन्युरिझम आतून बंद केला. पोट उघडायचे नाही, महाधमनीला चिमटा लावायचा नाही, रुग्ण दोन-चार दिवसांत घरी. हे तंत्र सर्वांना भावले यात नवल नाही. ब्रिटनमधल्या ईव्हार-१ चाचणीने त्याला आकड्यांचा आधारही दिला. १,२५२ रुग्णांच्या या चाचणीत पहिल्या ३० दिवसांतले मृत्यू स्टेंट ग्राफ्टच्या गटात १.८ टक्के, तर खुल्या शस्त्रक्रियेच्या गटात ४.३ टक्के होते. नेदरलँड्समधली ड्रीम आणि अमेरिकेतली ओव्हर या चाचण्यांचाही सुरुवातीचा कल असाच होता.

रुग्णाला आणि त्याच्या नातेवाइकांना आपण बहुधा एवढेच सांगतो. त्यापुढची हकीकतही तितक्याच ठळकपणे सांगायला हवी. ईव्हार-१चा पंधरा वर्षांचा पाठपुरावा २०१६ साली प्रसिद्ध झाला. सुरुवातीचा फायदा काही वर्षांतच संपला, आणि आठ वर्षांनंतर स्टेंट ग्राफ्टच्या गटातले मृत्यू खुल्या शस्त्रक्रियेच्या गटापेक्षा अधिक निघाले. ॲन्युरिझमशी निगडित उशिराच्या मृत्यूंचे मुख्य कारण होते सॅक पुन्हा फुटणे. ड्रीम आणि ओव्हरमध्ये दीर्घकालीन आयुर्मानात मोठा फरक दिसला नाही. पण स्टेंट ग्राफ्टच्या रुग्णांवर पुन्हा हस्तक्षेप करण्याची गरज अधिक पडली. त्या चाचण्यांतले ग्राफ्ट जुन्या पिढीचे होते, हा आक्षेप रास्त आहे. नवे ग्राफ्ट सरस असतीलही. पण त्यांची पंधरा वर्षे अजून पुरी व्हायची आहेत.

यामागची यंत्रणा आपल्याला ठाऊक आहे. खुल्या शस्त्रक्रियेत ग्राफ्ट टाक्यांनी धमनीला जोडला जातो. स्टेंट ग्राफ्ट मात्र मानेच्या भिंतीला धरून उभा असतो, आणि ती भिंत आजारीच असते. मान रुंदावते, ग्राफ्ट सरकतो, जोड सुटतात. टाइप १ आणि टाइप ३ एंडोलीकमध्ये सॅकवर पुन्हा धमनीचा पूर्ण दाब येतो, म्हणून ते दिसताच दुरुस्त करावे लागतात. टाइप २वर लक्ष ठेवता येते, पण सॅक वाढू लागला तर थांबून चालत नाही. रुग्णाला यातले काहीच जाणवत नाही. तपासणी झाली तरच कळते.

म्हणून आपल्या व्यवसायबंधूंकडे तीन गोष्टींचा आग्रह धरावासा वाटतो. पहिली, निवड. मान आखूड किंवा फार वाकडी असेल, तर ग्राफ्टच्या सूचनापत्रकाची मर्यादा ओलांडू नये. रुग्ण पासष्टीच्या आतला, धडधाकट असेल, तर खुल्या शस्त्रक्रियेचा पर्याय त्याच्यासमोर प्रामाणिकपणे ठेवावा. आणि ती शस्त्रक्रिया उत्तम करू शकणारे हात तयार करणे, ही अध्यापकांची जबाबदारी आहे. अतिशय दुर्बल रुग्णांबाबत ईव्हार-२ चाचणीने बजावले आहे की, ग्राफ्ट बसवल्याने त्यांचे एकूण आयुष्य वाढेलच असे नाही.

दुसरी गोष्ट, पाठपुरावा. पहिला सीटी महिन्याभरात करावा. त्यात एंडोलीक नसेल, जोड भक्कम असतील आणि पुढे सॅक आक्रसत असेल, तर डॉपलर सोनोग्राफीवर बरेच काम भागते. खर्चही कमी आणि मूत्रपिंडांवर कॉन्ट्रास्टचा भारही नाही. शेताच्या कामात बुडालेला, गावी परतलेला, दुखत नाही म्हणून न येणारा रुग्ण आपोआप येईल, ही अपेक्षा चुकीची आहे. घरी सोडतानाच पुढच्या तपासणीची तारीख मराठीत लिहून द्यावी, मुलाचा किंवा सुनेचा फोन नंबर घ्यावा, गावातल्या डॉक्टरांना पत्र द्यावे. पाठपुराव्याचा खर्च झेपणार नाही असे दिसत असेल, तर तो मुद्दा शस्त्रक्रियेच्या निवडीतच धरावा.

तिसरी गोष्ट, नोंद. प्रत्येक विभागाने प्रत्येक रुग्णाचा सॅकचा व्यास, एंडोलीक, पुनर्हस्तक्षेप आणि मृत्यूचे कारण वर्षानुवर्षे लिहून ठेवावे, आणि अपयशही त्याच शाईने लिहावे. परदेशी चाचण्यांचे आकडे आपल्याला वाट दाखवतात; पण आपल्या रुग्णांच्या धमन्या, त्यांचे वय, त्यांची तंबाखू आणि त्यांची आर्थिक ताकद त्या आकड्यांत नाही. पाच विभागांनी एकच तक्ता ठरवून आजपासून भरायला घेतला, तर दहा वर्षांनी रुग्णाला सांगण्यासारखे आपले स्वतःचे उत्तर आपल्यापाशी असेल.