मोसंबीच्या फांदीवर कोंबड्यांची रात्र

पाचोडच्या बाजारातली मोसंबीची आवक ओसरली की बागांमधून सल काढायला सुरुवात होते. वाळलेल्या, मोडलेल्या फांद्या छाटायच्या, बांधाला ढीग घालायचा आणि काडी लावायची. बुरशी बागेत पसरू नये म्हणून ते योग्यच. पण त्या ढिगात दाटी मोडताना कापलेल्या, मनगटाएवढ्या जाडीच्या निरोगी फांद्याही पडलेल्या असतात. त्या जाळायच्या आधी वर्षभर कोंबड्यांना द्याव्यात, एवढंच माझं म्हणणं. रोगट सल मात्र नको, आणि नुकतीच फवारणी झालेली फांदीही नको.

हल्ली खुराडं बांधून घेतलं की शेडवाला बसायला लोखंडी पाइप ठोकून देतो. दिसायला झ्याक, धुवायला सोपा. कोंबडीला काय वाटतं ते कुणी विचारत नाही. पाइप गुळगुळीत, माघात गारठणारा, चैत्रात पत्र्याखाली तापणारा. रात्री बॅटरी मारून बघा, पाइपवरची कोंबडी सारखी पाय बदलत असते.

कोंबडीची तीन बोटं पुढं, एक मागं. ती पाय दुमडून बुड टेकते तेव्हा पायामागचे स्नायुबंध ताणले जातात आणि बोटं दांडीला आवळतात. खरबरीत सालीवर नख्या बसतात. थंडी असली तर पोटाची पिसं पसरून पंजे झाकते. त्यासाठी दांडी चार-पाच सेंटिमीटर जाडीची लागते. पऱ्हाटी, तुराटी कामाची नाही. फांदी कुठं जाड, कुठं बारीक, कुठं वाकडी असते तेच बरं, कारण दाब रोज तळव्याच्या एकाच जागी येत नाही. धारेच्या फळीवर बसून बसून तळपायाला घट्टा पडतो, मग गाठ होते, तिच्यात पू धरतो आणि अंडी देणारी चांगली कोंबडी लंगडत हिंडते. मोसंबीच्या खुंटातून फुटलेल्या फांदीला काटे असतात, तेवढे कोयत्यानं तासून घ्यायचे.

आमच्या आजीच्या कोंबड्यांना खुराडं ठाऊक नव्हतं. खुडूक बसलेली आणि पिल्लंवाली तेवढी डालग्याखाली, बाकीच्या तिन्हीसांजेला अंगणातल्या लिंबावर. आधी ओट्यावर, ओट्यावरून गोठ्याच्या छपरावर, तिथून फांदीवर. मुंगूस आणि बोका खाली वाट बघत बसायचे. हे काही गावरान कोंबडीचं खूळ नाही. तिचा मूळ पुरुष, लाल रानकोंबडा, आजही जंगलात रात्र झाडावरच काढतो. पुढं अंगणात स्लॅब आला, रस्ता चौपदरी झाला, झाडं गेली. कोंबडीची सवय तेवढी राहिली.

वर कोण बसणार यावरून रोज संध्याकाळी तंटा होतो. कोंबड्यांमधली ही मानापानाची उतरंड नॉर्वेच्या थॉर्लाइफ श्येल्डरूप-एबे यानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अभ्यासली, लहानपणापासून कोंबड्या बघत बसल्यावर. आपल्याकडं ती कुठल्याही अंगणात फुकट बघायला मिळते. म्हणून एक फांदी वर आणि दुसरी बरोबर तिच्याखाली असं करू नये. भांडण होतं ते होतंच, खालचीच्या पाठीवर शिटही पडते. सगळ्या फांद्या एकाच उंचीला, दोन फांद्यांत फूटभर अंतर. गावरान कोंबडी चार फूट सहज चढते. गिरिराज, वनराजसारख्या जड कोंबड्यांना मात्र दीड फूट पुष्कळ; त्या उंचावरून उडी मारताना पाय आणि छातीचं हाड दुखावून घेतात. युरोपातल्या देशांनी तर अंड्यांवरच्या कोंबडीला माणशी, म्हणजे कोंबडीशी, निदान पंधरा सेंटिमीटर दांडी द्यायची असा कायदाच केला आणि 2012 पासून जुने उघडेबोडके पिंजरे बंद केले.

आता फांदीची खोड. साल म्हटली की भेगा आल्या, आणि भेगा आल्या की गोचिडी. कोंबडीची गोचीड दिवसा दिसत नाही. रात्री बाहेर येते, रक्त पिते आणि उजाडायच्या आत फटीत जाऊन दडते. कोंबडी झुरते, तुरा पांढरट पडतो, अंडी कमी होतात. मालक म्हणतो, दाण्यात काहीतरी आहे. ही गोचीड उपाशीपोटी वर्षभर तग धरते, म्हणजे खुराडं दोन महिने रिकामं ठेवून काही होत नाही. पांढरी कापडाची चिंधी फांदीच्या टोकाला रात्री गुंडाळून ठेवा आणि पहाटे उलगडून बघा, हिशेब लागतो.

पाइपवाले इथंच मला धरतात. पण खुराड्याच्या भिंतीला आणि पाइप जिथं खोचला त्या भोकालाही फटी असतातच, आणि गोचीड तिथंही राहते. पाइपाला पैसे पडलेत म्हणून तो कुणी हलवत नाही. फांदी फुकटची, म्हणून सोडवते. ती खोबणीत नुसती टेकवून ठेवायची, खिळा मारायचा नाही. भेगांत गोचीड दिसली की उचलायची, सरळ चुलीत घालायची आणि बांधावरून दुसरी आणायची.

शेजारच्या काकू म्हणतात, "लिंबाची फांदी घाल बाबा, गोचीड जवळ येत नाही." मी नाही म्हणतो. लिंबाच्या सालीखालीही गोचिडी निघालेल्या मी बघितल्यात. काकूंना हे पटत नाही, आणि त्यांच्या कोंबड्या माझ्या कोंबड्यांपेक्षा जास्त अंडी देतात, त्यामुळं वाद मला फार लांबवता येत नाही.