ऑर्किडला हाडांचा चुरा कशाला?

नर्सरीवाल्याने फॅलेनॉप्सिसच्या रोपाबरोबर बोनमीलची पुडी पुढे केली. "ताई, फुलं भरभरून येतील." बोनमील म्हणजे हाडांचा चुरा! मुंगीला जपून झाडू फिरवणाऱ्या घरात हे कशाला? धर्म बाजूला ठेवला तरी हिशेब चुकतोच. हे ऑर्किड मातीतलं नाही, झाडाच्या खोडावर वाढणारं. साल-कोळशाच्या कुंडीत तो चुरा बराच काळ नुसता पडून राहतो. जास्त खताने उलट मुळं जळतात. माझं पहिलं रोप मीच असं घालवलं. आता २०-२०-२० खत, पाकिटावरच्या पाव मात्रेत, मुळं ओली करून, आठवड्यातून एकदा. महिन्यातून एकदा साध्या पाण्याने कुंडी धुते. पुडी मी परत केली. मैत्रिणींनो, खत घेण्याआधी विचारा तरी, यात आहे काय?