टाळूवरची खपली

नात सव्वा महिन्याची झाली आणि तिच्या टाळूवर पिवळट, तेलकट खपल्या दिसू लागल्या. भुवयांतही थोड्या. तेल लावायला येणाऱ्या मासी म्हणाल्या, "माथुं बराबर धोयुं नथी." सूनबाईचं माहेर पुण्याचं, पण बडोद्यात राहून एवढं गुजराती तिलाही समजतं. काही न बोलता बाळाला घेऊन ती आत गेली. मागोमाग गेले, तर डोळे पुसत होती.

मला माझं पहिलं बाळंतपण आठवलं. लेकाच्या डोक्यावर अशीच खपली धरली होती आणि दुपारी त्याला मांडीवर घेऊन मी ती नखाने काढत बसायचे. (खरं सांगते, त्यात एक समाधानही वाटायचं!) एक दिवस रक्त आलं, मग ती जागा चिघळली. डॉक्टरांनी केलेली कानउघाडणी अजून विसरले नाही.

म्हणून सुनेला आधी एवढंच सांगितलं, "अगं, हा मळ नाही. तुझं काही चुकलेलं नाही." पहिल्या तीन महिन्यांत पुष्कळ बाळांना हे होतं. त्वचेतल्या तेलग्रंथी जास्त पाझरतात आणि सुटणारी कातडी त्यात चिकटून बसते. एकाचं दुसऱ्याला लागत नाही, सहसा खाजतही नाही, आणि काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत आपोआप जातं.

न्हाऊ घालण्याआधी पंधरा-वीस मिनिटं आम्ही खपलीवर थोडं बेबी ऑइल लावायचो. मग बाळाच्या मऊ ब्रशने हलकेच फिरवायचं, सुटेल तेवढंच काढायचं, आणि बाळाच्या सौम्य शाम्पूने सगळं तेल धुवायचं.

वाद झाला तो टाळू भरण्यावरून. माझ्या आईने आमच्या टाळू दिवसभर तेलाने चिंब ठेवल्या होत्या, मीही तेच केलं. पण खपली असताना तेल तसंच मुरत ठेवलं तर त्वचेवरच्या बुरशीला आयता खाऊ मिळतो. मोहरीचं तेल तर नाजूक कातडीला झोंबतं. डोक्याला डाळीचं पीठ चोळणंही बंद केलं. मासी आठवडाभर रुसल्या होत्या.

लाली वाढली, पाणी किंवा रक्त येऊ लागलं, वास आला, अंगावर पसरलं किंवा बाळ खाजेने बेजार झालं, तर मात्र घरचे प्रयोग नकोत. सरळ बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

नात आता चार महिन्यांची आहे. टाळू स्वच्छ झाली, कानामागे जरा खपली उरली आहे. परवा मासींनी ती पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं, आणि मुकाट्याने पायांना तेल लावायला घेतलं.